फ्रिजमधली किल्ली

मुलगी विसरायला लागली आहे, ही काळजी आईच्या डोक्यातून काही केल्या जाईना. बत्तीस वर्षांची धडधाकट पोर, आणि आठ दिवसांत दोनदा तिच्या स्कूटरची किल्ली फ्रिजमध्ये सापडली होती. एकदा अंड्यांच्या कप्प्यात, एकदा लोण्याच्या डबीवर. फ्रिजमधला दिवा कधीचा गेलेला, त्यामुळे दोन्ही वेळा ती आधी हाताला लागली, मग दिसली. आईनं ती गुपचूप उचलली, पुसली आणि दाराजवळच्या खिळ्यावर टांगली. कोणाजवळ बोलली नाही. बोललं की ते खरं होईल, असं तिला वाटत होतं.

कारण हे तिनं एकदा पाहिलं होतं. तिची स्वतःची आई, म्हणजे मिठूची आजी, शेवटच्या वर्षांत अशाच वस्तू भलत्या जागी ठेवायला लागली होती. चष्मा पिठाच्या डब्यात, कंगवा चपलांच्या फळीवर. सुरुवातीला घरातले सगळे हसले. मग एक दिवस तिनं पोटच्या लेकीलाच "तुम्ही कोणाकडच्या?" असं विचारलं आणि ते हसणं थांबलं.

मिठू हे मुलीचं खरं नाव नव्हे, बापानं लाडानं ठेवलेलं. पोरगी चार वर्षांची होईस्तोवर एक अक्षर बोलली नव्हती. आई तिला घेऊन या डॉक्टरकडून त्या डॉक्टरकडे फिरली. कोणी कान तपासले, कोणी जीभ तपासली, एकानं तर आईलाच झोप लागण्याच्या गोळ्या लिहून दिल्या. पोरीचं सगळं जिथल्या तिथं होतं. बाप म्हणायचा, "हिला मिठू म्हणू या. नाव तरी बोलणारं असू दे."

बाप सोफे आणि खुर्च्यांच्या गाद्या शिवायचा, अजूनही शिवतो. एका दुपारी त्याची वाकडी सुई हातातून निसटली. खोलीभर फोमचे तुकडे, काथ्या, चिंध्या. बाप गुडघ्यांवर बसून अर्धा तास शोधत होता आणि तोंडानं सुईच्या सात पिढ्यांचा उद्धार चालला होता. तेव्हा कोपऱ्यात बसलेली मिठू म्हणाली, "बाबा, सुई कपाटाखाली गेली. भिंतीजवळ."

अख्खं, स्वच्छ वाक्य. सुई तिथंच होती. आईला रडू फुटलं. बाप सुई हातात धरून तसाच बसून राहिला. इतकी वर्षं पोरगी मुकी नव्हती, ती ऐकत होती, एवढं त्या दिवशी दोघांना कळलं. किती ऐकत होती, हे कळायला आईला मात्र पुढची अठ्ठावीस वर्षं लागली.

पुढे ती बोलायला लागली, पण कामापुरतं. मनात म्हटलेली गोष्ट सांगून झाली, असंच तिला वाटायचं. एकदा कॉलेजची सहल दोन मुक्कामांची आहे हे तिनं घरी सांगितलंच नाही. पहिल्या रात्री आई पोलिसांत जायला चपला घालून दारात उभी होती. "सांगितलं होतं की," मिठू परत आल्यावर म्हणाली, आणि ती खोटं बोलत नव्हती, तिला खरंच तसं वाटत होतं.

आई याच्या नेमकी उलट. तिच्या मनात आलेलं आधी तोंडावाटे बाहेर पडायचं आणि मग फोनवर. बाहेर गेलेल्या माणसाला निघालास का, कुठवर आलास आणि पोचलास का असे तीन फोन ठरलेले. बाप म्हणायचा, "हिच्या फोनला पाय असते ना, तर माणसाआधी तोच पोचला असता."

मिठूनं दहा वर्षं एका मोठ्या दवाखान्यात कान तपासायचं काम केलं. काचेच्या खोलीत माणसाला बसवायचं, बाहेरून बारीक होत जाणारे आवाज सोडायचे, ऐकू आला की त्यानं बोट वर करायचं. बरी नोकरी, बरी माणसं. त्याच मजल्यावर पलीकडच्या टोकाला गळ्याच्या रोग्यांचा विभाग होता. काही जणांच्या गळ्यातली आवाजाची पेटीच काढून टाकावी लागते. जीव वाचतो, पण बोलणं जातं. एका सकाळी अशाच एका रोग्याची बायको मिठूकडे आली आणि हातातला मोबाइल पुढे करून म्हणाली, "तुम्ही आवाजाचं काम करता ना? यातलं जरा मोठं करून द्याल?" ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिनं व्हरांड्यात उभं राहून नवऱ्याचा आवाज घेतला होता. मिठूनं तो ऐकला. वीस सेकंद चाकांच्या गाडीची खडखड, कोणाची तरी चप्पल, दूर वाजणारी घंटा. त्यात तीन सेकंद माणूस. तो म्हणत होता, "झालं का चालू?" त्या बाईजवळ नवऱ्याचा तेवढाच आवाज उरला होता.

त्या संध्याकाळी मिठूनं घरी येऊन विचारलं, "बाबा, तळघर रिकामं करून द्याल?"

नोकरी सोडल्याचं तिनं त्यानंतर आठ दिवसांनी सांगितलं. सांगितलं म्हणजे आईनं डबा भरायला घेतला तेव्हा म्हणाली, "आता डबा नको रोज." चांगली चाललेली नोकरी सोडून पोरगी जमिनीखाली जाऊन बसणार, जिथं ना खिडकी ना ऊन. आई रात्र रात्र कूस बदलत राहिली.

तळघर म्हणजे बापाचं अडगळीचं राज्य. अकरा पायऱ्या उतरून जायचं, शेवटच्या पायरीवर उंच माणसानं मान वाकवायची. बारा बाय नऊची खोली, कापडाचे गठ्ठे, मोडक्या खुर्च्यांचे सांगाडे आणि ओलीचा वास. ते सगळं उपसायला बाप-लेकीला तीन आठवडे लागले. बापाला वाटलं, भिंतींना फोम चिकटवला की झालं, बाहेरचा आवाज बंद. मिठू म्हणाली, "फोमनं आतला आवाज घुमायचा थांबतो, बाबा. बाहेरचा येतच राहतो." मग बापानं आयुष्यभराचं कसब पणाला लावलं. लाकडी चौकटींत दाबून लोकर भरली, वर जाड कापड ताणून सोफ्याच्या पाठीसारखे टाके घातले. दाराला आतून गादी शिवली, फटींना रबराच्या पट्ट्या मारल्या. झरोका लाकडी झाकणानं असा बुजवला की काम संपलं की काढता येईल आणि खोलीला हवा मिळेल. दोघं कामाला लागले की तासन्‌तास कोणी बोलायचं नाही. मिठू मध्येच टाळी वाजवायची, कान देऊन ऐकायची आणि एका कोपऱ्याकडे बोट करायची. बाप तिथं चौकट ठोकायचा. मग पुन्हा टाळी. आई पायरीवर बसून हे बघायची. टाळीचा आवाज दिवसेंदिवस आखूड होत गेला आणि एक दिवस तो हातातल्या हातातच विरला.

खोली तयार झाली तेव्हा मिठूनं आईला खाली बोलावलं. मध्ये बापानंच गादी बसवलेली एक खुर्ची, समोर दांडीवर माइक, कोपऱ्यात छोटं टेबल, लॅपटॉप आणि एकच चांगला हेडफोन. "बस," मिठू म्हणाली. "काही करू नकोस. एक मिनिट."

"काही न करायला मला खाली कशाला बोलावलंस?"

"खोलीची शांतता घ्यायची आहे. प्रत्येक खोलीची वेगळी असते. आधी ती घ्यायची, मग माणसाचा आवाज. घड्याळ काढ."

"हे? याचा कुठं आवाज येतो?"

"मला येतो."

आई घड्याळ काढून वर ठेवून आली आणि बसली. दार लागलं. पहिल्यांदा तिला काहीच ऐकू आलं नाही, आणि त्या काहीच नसण्याची तिला भीती वाटली. मग कानात हलकेच ठोके सुरू झाले. कोणी वर चालतंय की काय, असं तिला वाटलं. ते तिचं स्वतःचं काळीज होतं. साठ वर्षांची झाली तरी तिनं ते कधी ऐकलं नव्हतं. डॉक्टरांनी नळी लावून ऐकलं असेल, पण तिनं नाही. नंतर मिठूनं हेडफोन तिच्या कानाला लावला आणि ते मिनिट परत ऐकवलं. रिकाम्या खोलीत कोणीतरी फार मोठं, फार शांत जनावर झोपलेलं असावं, तसं ऐकू येत होतं. त्यात मध्येच एक गुरगुर.

"हे काय?"

"तुझं पोट," मिठू म्हणाली. "जेवली नाहीस ना?"

आई हसली, पण वर येऊन स्वयंपाकघरात उभी राहिली तेव्हा तिला सगळंच नवीन वाटलं. नळाचा थेंब, रस्त्यावरची सायकल, नवऱ्याच्या कात्रीचा कुरकुर आवाज. माझी पोरगी कायम अशा जगात राहते, तिला वाटलं, आणि आपण तिला मुकी म्हणत होतो.

मग माणसं यायला लागली. पहिल्या तीन महिन्यांत अकरा. दवाखान्यातून एकमेकांना सांगून येत होती. काम दोन भागांत चालायचं. आधी ठरलेली तीनशे वाक्यं वाचायची. त्यावरून पुढे यंत्र त्या माणसाच्या आवाजात बोलू शकतं, पण ते यंत्राचं बोलणं. दुसरा भाग मिठूनं स्वतः ठरवलेला. त्याला ती 'घरचे शब्द' म्हणायची. त्या माणसानं घरात रोज जे म्हटलं असेल ते, जसंच्या तसं, त्याच सुरात. ते तसेच जपून ठेवायचे आणि बटण दाबलं की वाजवायचे. एका शाळेच्या शिपायानं पोरांना मारायच्या हाका दिल्या. एका बाईनं भावाशी भांडताना काढायचे चारच शब्द दिले. एक माणूस नुसताच हसला, आणि ते हसू पुरे म्हणाला. काम संपलं की माणसं जिन्यावर थांबून एकदा मागं वळून बघायची, काहीतरी ठेवून चालल्यासारखी.

काम चालू असलं की तळघराच्या दाराला लाल चिंधी बांधलेली असायची. चिंधी दिसली की बापाची हातोडी बंद, आईचा मिक्सर बंद, चालणं अनवाणी. पहिल्या आठवड्यात आईनं चिंधी बघूनही खाली फोन केला होता, जेवायला कधी येतेस म्हणून. तेव्हापासून मिठू फोन वर ठेवूनच खाली जायची.

फ्रिज तळघराच्या बरोबर डोक्यावर होता. त्याचा प्लग स्वयंपाकघरात त्याच एका भिंतीला, त्यामुळे तो हलवायची सोय नव्हती. त्याचं काय करायचं ते मिठूनं मनाशी ठरवलं होतं. आणि मनाशी ठरवलं म्हणजे तिच्या हिशेबी ते घरात सगळ्यांना सांगून झालं होतं.

मंगळवारी गाडीमास्तर आले.

गाडीमास्तरांना ओळखत नाही असं घर त्या भागात नव्हतं. तीस वर्षं त्यांनी माणसांना मोटार चालवायला शिकवलं. आईलाही त्यांनीच शिकवलं होतं, मिठू सहा वर्षांची असताना. आई दोनदा परीक्षेत नापास झाली. मिठू मागच्या सीटवर गप्प बसून सगळे धडे ऐकायची. एकदा चढावर आईची गाडी बंद पडली. मागं ट्रक, बस, सगळे हॉर्न वाजवायला लागले. शेजारून मास्तरांचा आवाज आला. तो आवाज नेहमी खालून, तळातून यायचा, जड दार हळूच उघडावं तसा. "मागचे वाजवू देत, बाई. त्यांना तेवढंच येतं." आणि जरा थांबून, "बंद पडली तर पडली. परत चालू करायची. त्यात लाजायचं काय?" गाडी चालू झाली. त्यानंतरच्या सव्वीस वर्षांत आई जेव्हा जेव्हा हातपाय गाळायची, तेव्हा तो आवाज तिच्या कानात यायचा. हे तिनं मास्तरांना कधी सांगितलं नव्हतं. असलं काही कोणी सांगतं का?

आता त्याच गळ्यात गाठ निघाली होती. बुधवारी सकाळी दहाला दवाखान्यात दाखल व्हायचं, गुरुवारी ऑपरेशन. आवाज आधीच थकलेला. डॉक्टरांनी बजावलं होतं, जपून वापरा. मास्तर बायकोला घेऊन आले. जिन्याच्या तोंडाशी थांबून त्यांनी आईकडे बघितलं.

"काय बाई, चढावर गाडी बंद पडते का अजून?"

"पडते की. पण आता मी मागच्यांना वाजवू देते," आई म्हणाली. तिला आणखी बोलायचं होतं. शब्द ओठांपर्यंत आले आणि तिथंच थांबले. मास्तर मान वाकवून खाली उतरले. लाल चिंधी बांधली गेली.

तास-दीड तास गेला. मास्तरांना वर आल्यावर गार दूध द्यावं, घशाला बरं वाटेल, म्हणून आईनं अनवाणी पायांनी जाऊन फ्रिज उघडला. हात आत घातला. अंड्यांच्या कप्प्यात किल्ली. तिसऱ्यांदा. दुधाचं पातेलं गार नव्हतं. वरून पाणी ठिबकत होतं. तिनं मागं वाकून बघितलं, तर भिंतीवरचा स्विच बंद.

आता स्विचही, तिला वाटलं. आता काय काय विसरेल ही?

तिनं स्विच लावला. फ्रिज एकदा अंग झटकून सुरू झाला. किल्ली पुसून तिनं खिळ्यावर टांगली आणि ओट्याला टेकून, आवाज होऊ नये म्हणून तोंडावर हात धरून रडली. खाली त्याच वेळी पहिला भाग संपून घरचे शब्द सुरू होत होते.

मास्तर वर आले ते थकलेले, पण चेहरा मोकळा. मागून त्यांची बायको डोळे पुसत आली. मास्तरांनी दूध घेतलं, हातानंच छान म्हणून खूण केली आणि गेले.

संध्याकाळी सात वाजले तरी मिठू वर आली नाही. आई चहा घेऊन खाली गेली. मिठू लॅपटॉपसमोर बसली होती. चेहरा असा, की आईनं कप टेबलावर ठेवला आणि काही विचारलंच नाही. मिठूनं हेडफोन काढून तिच्या हातात दिला. "ऐक."

आईच्या कानात गाडीमास्तर बोलले. समोर बसले असते तरी इतके जवळ आले नसते. बोलण्याआधी घेतलेला श्वास, ओठ सुटल्याचा बारीक आवाज, आणि शब्दाच्या आधी येणारं हसू. हसू ऐकू येतं, हे आईला ठाऊकच नव्हतं. "अगं, दार लावून घे, मी आलोच," मास्तर म्हणाले. मग बायकोला ते एकटेच ज्या नावानं हाक मारायचे ती हाक. मग, "घाई कोणाला आहे? गाडीला तर नाही."

"किती सुंदर घेतलंस गं," आई म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

"त्याच्या खाली ऐक."

"खाली म्हणजे?"

"शब्दांच्या मागं. ते थांबतात तिथं."

आईनं डोळे मिटले. तीन महिन्यांत तिचा कानही थोडा तयार झाला होता. मास्तर थांबले आणि तिथं, तळाशी, एक घरघर सुरूच होती. माशी बाटलीत अडकावी तशी.

"हे काय आहे?"

"फ्रिज," मिठू म्हणाली. "पहिला भाग स्वच्छ आहे. घरचे शब्द सुरू झाल्यापासून शेवटपर्यंत हे आहे. मी फ्रिज बंद करून आले होते. मला नक्की आठवतंय." ती थांबली. "म्हणजे, वाटतंय की बंद केला होता."

आईचा हात हेडफोनवरच राहिला. "तो मी लावला," ती म्हणाली.

"काय?"

"फ्रिज. बंद दिसला, दूध कोमट झालेलं. आत तुझी किल्ली. मला वाटलं, किल्लीसारखाच स्विचही तू..."

मिठूनं खुर्ची तिच्याकडे वळवली. "किल्ली मीच ठेवते आत."

"तुला माहीत असतं?"

"आई, फ्रिज बंद केला की किल्ली आत ठेवायची. म्हणजे बाहेर निघताना किल्ली शोधत फ्रिजपाशी यावंच लागतं आणि तो चालू करायचा राहत नाही. या कामातली कितीतरी माणसं असंच करतात."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं की," मिठू म्हणाली, आणि वाक्य तोंडातून बाहेर पडतानाच तिला कळलं. मग हळूच म्हणाली, "दोनदा किल्ली खिळ्यावर सापडली मला. ठेवल्याचं आठवत होतं आणि ती तिथं नव्हती. मी त्या दिवसापासून रोज आजीचा विचार करते. मला वाटलं, माझंही तसंच व्हायला लागलं."

"तुला वाटलं?" आई म्हणाली. "आणि मी आठ दिवस वर काय करतेय?"

आधी आईला हसू आलं, मग मिठूला. एकाच खिळ्यानं दोघींना आठ दिवस टांगून ठेवलं होतं. पोरीचं डोकं ठीक आहे या आनंदात क्षणभर आई बाकीचं सगळं विसरली. मग तिचं लक्ष लॅपटॉपकडे गेलं.

"पण तुला कसं नाही ऐकू आलं? तुला घड्याळ ऐकू येतं."

"हेडफोन काकूंना दिला होता." मास्तरांच्या बायकोला ती काकू म्हणायची. "मास्तरांना माइकसमोर घरचं बोलता येईना. मग मी काढून काकूंच्या कानाला लावला. त्या ऐकतायत असं दिसलं तेव्हा जमलं. मी ऐकत नव्हते तेव्हा. मी काकूंकडे बघत होते."

आईनं लॅपटॉपकडे बोट केलं.

"काढून टाकता येत नाही का ती घरघर?"

"तेच करतेय दोन तास." मिठूनं दुसरं काहीतरी लावलं. तेच शब्द, घरघर नाही. पण मास्तर आता पत्र्याच्या डब्यातून बोलत होते. तळ गेला होता. "त्यांचा आवाज आणि फ्रिजचा आवाज एकाच जागी आहेत, खाली. एक काढला की दुसराही निघतो."

चढावरचा तो आवाज असा नव्हता. आईनं हेडफोन काढून ठेवला.

"मग परत बोलव त्यांना. दाखल व्हायचं उद्या दहाला आहे. सकाळी सातला या म्हणावं."

"नाही," मिठू म्हणाली. इतक्या पटकन ती कधी बोलत नसे. "आज किती थकले होते ते पाहिलंस ना. त्यांच्याकडे आज रात्र आणि उद्या सकाळ उरली आहे. मुलगा येणार आहे, नातवंडं येणार आहेत. जो काही आवाज उरलाय तो त्यांचा आहे. माझ्या चुकीसाठी मी तो मागू शकत नाही." आणि खाली बघत, "आणि मला फोनवर ते बोलताही येणार नाही."

या पोरीला शब्द म्हणजे किती जड वाटतात, हे तिला पहिल्यांदाच कळत होतं. आपण दिवसभर मूठभर-मूठभर उधळतो, आणि ही दुसऱ्याच्या घशातलं एक वाक्य मागताना इतका विचार करते. चार वर्षांची होईस्तोवर का बोलली नसेल, याचं उत्तर कुठल्याच डॉक्टरकडे नव्हतं. ते इथं होतं, अकरा पायऱ्यांखाली.

"मागू नकोस," आई म्हणाली. "पण झालं काय ते त्यांना कळायला नको? ऑपरेशननंतर काकू बटण दाबतील आणि त्यांना तो डब्यातला माणूस ऐकू येईल. तेव्हा त्या विचारतील, आधी का नाही सांगितलंस? तेव्हा काय म्हणशील, सांगितलं होतं की?"

मिठूनं वर बघितलं.

आई जिना चढून वर आली. बाप खोलीत एका खुर्चीच्या पाठीला खिळे मारत होता. तिनं झालेलं सांगितलं. त्यानं तोंडातले खिळे तळहातावर काढले.

"मी बोलू का?" तो म्हणाला.

"तुम्ही काय बोलणार? स्विच मी लावला."

"ते रागावले तर?"

"रागावू देत. रागावण्यातही आवाज खर्च होतो, म्हणून रागावणार नाहीत." तिला आपल्याच बोलण्याचं हसू आलं, पण ते टिकलं नाही. आजवर तिनं हजार फोन केले असतील, सगळे स्वतःच्या जिवाला बरं वाटावं म्हणून. पोचलास का, जेवलीस का, दार लावलंस का. समोरच्याला जड जाईल असा फोन तिनं कधी केला नव्हता.

ती स्वयंपाकघरात गेली. पावणेआठ झाले होते. फ्रिज भिंतीला टेकून घरघरत होता. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं त्याच्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं, आणि आता तो इतका मोठ्यानं ऐकू येत होता की तिला कळेना, आपण यातून इतके दिवस बोललो कसे. तिनं जुनी वही काढली. गाडी शिकताना लिहून घेतलेला नंबर, मागे दोनदा बदललेला, दोनदा खोडून पुन्हा लिहिलेला. काय काय बोलायचं ते तिनं मनात जुळवून पाहिलं. आधी आपली चूक. मग घरघर कुठं आहे ते. मग, यायचं की नाही ते तुम्ही दोघांनी ठरवा, खोली सहापासून उघडी असेल. आणि वेळ मिळाला तर चढाचं.

जिन्यावर पाऊल वाजलं नाही, पण तिनं वळून बघितलं. मिठू वरून चौथ्या पायरीवर येऊन बसली होती, गुडघ्यांवर हनुवटी टेकून, सहा वर्षांची असताना मागच्या सीटवर बसायची तशी. आईनं हात लांब करून फ्रिजचा स्विच बंद केला. घर एकदम खोल झालं. मग तिनं खिळ्यावरची किल्ली काढली, अंड्यांच्या कप्प्यात ठेवली, आणि मास्तरांचा नंबर लावला.